खालून पाहिलेल्या गाड्या

जुनी गाडी घ्यायला आलेला माणूस आधी रंग बघतो, मग सीट दाबून बघतो, मग हॉर्न वाजवतो. हॉर्न बरा वाजला की त्याचं निम्मं मन झालेलं असतं. उरलेल्या निम्म्या मनात शंका घालणं हे माझं काम होतं. यवतमाळात दारव्हा रोडला माझं लहानसं गॅरेज होतं, पण घर चाललं ते लोकांसाठी गाड्या तपासून. कुणाला जुनी गाडी घ्यायची असली की तो मला सोबत न्यायचा. मी पोचलो की कुणाशी फार न बोलता गोणपाट अंथरायचो आणि पाठीवर सरकत गाडीखाली शिरायचो. विकणाऱ्याला ते बिलकुल आवडत नसे. पाहुण्यानं बैठकीत न बसता थेट स्वयंपाकघरात शिरावं तसं त्याला वाटत असावं. पुढे पुढे माझं नावच पडलं, 'खालून पाहणारे भाऊ'. माझं खरं नाव माझ्या बायकोला आणि वीज बिल आणून देणाऱ्याला तेवढं ठाऊक होतं.

मी सगळ्या गाड्या पाहत नसे. माझा जीव एकाच जातीच्या गाडीत होता. ना धड मोटार, ना धड ट्रक, अशी ती सात-आठ माणसांची मध्यम गाडी. हिच्या पोटात ट्रकसारखे दोन लांब लोखंडी गर्डर असतात आणि त्यांना जोडणारे आडवे तुकडे. शिडी आडवी ठेवली की जसं दिसेल तसं. याला चेसिस म्हणतात. दारं, काचा, सीट हे वरचं सगळं घर या शिडीवर बोल्टांनी बसवलेलं असतं. शहरातल्या लहान मोटारीत घर आणि सांगाडा एकच असतो, म्हणून ती मऊ चालते, पण आमच्याकडच्या चाकोऱ्यांमध्ये तिचं पोट घासतं आणि दोन वर्षांत तिची दारं लागेनाशी होतात. शिडीवरची गाडी चाकोरीला भीत नाही. तिचं इंजिन म्हातारं झालं तर बदलता येतं, घर गंजलं तर पत्रा मारता येतो. शिडी वाकली किंवा तुटली, तर मात्र ती गाडी घेऊ नये, भले मालक हॉर्न सोन्याचा लावून देवो.

म्हणून मी खाली शिरायचो. हातोडीनं गर्डर टोकापासून टोकापर्यंत वाजवत जायचो. सलग लोखंड खणखणीत वाजतं, तोडून जोडलेलं बद्द वाजतं. मग पाटे बघायचो. पाटे म्हणजे चाकांच्या वर एकावर एक बांधलेल्या पोलादी पट्ट्या, त्यांच्यावर गाडीचा सगळा भार असतो. शेवटी इंजिन चालू ठेवून तेलाचं झाकण उघडायचो. तिथून धूर फसफसून वर आला की समजायचं, इंजिन आतून झिजलं आहे आणि वरून मालकानं नुसतं पुसून ठेवलं आहे. एवढं सगळं जमलं तरी माझी एक अट असायची. ज्या वाटेवर ती गाडी पुढे चालणार त्याच वाटेवर ती चालवून बघायची. डांबरी रस्त्यावर सगळ्याच गाड्या गुणाच्या असतात.

कापसाच्या त्या वाईट वर्षांत माझ्याकडे काम वाढलं, हे सांगताना आजही बरं वाटत नाही. भाव पडले की दिग्रस, वणीसारख्या गावांत कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या जिनिंगचे पट्टे थांबायचे आणि मालकांच्या दारातल्या मोठ्या गाड्या विकायला निघायच्या. खाली शिरलो की तेलकट भागांना रुई चिकटलेली दिसायची, काळी पडलेली, दाबून बसलेली. गाडी कुठल्या अंगणात उभी राहिली हे मला मालकानं सांगावं लागत नसे. दिग्रसच्या एका शेठनं गाडी दाखवताना तिच्याबद्दल एकही खोटं सांगितलं नाही. उलट म्हणाला, "क्लच घसरते, लिहून घ्या. आता लपवून कोणाले का भेटते?" त्या माणसाचा मला फार धाक वाटायचा पूर्वी, आणि त्या दिवशी त्याच्यासमोर झाकण उघडून धूर बघायलाही संकोच वाटला.

गिऱ्हाइकं मात्र तऱ्हेतऱ्हेची. एकाला पंचायत समितीला उभं राहायचं होतं. त्याला इंजिन, चेसिस कशाशी देणंघेणं नव्हतं. गाडी गावात शिरताना मागे धूळ किती उडते तेवढं मी उभं राहून सांगावं, अशी त्याची इच्छा होती. राळेगावकडचा एक जण गाडी बघायला दोन बकऱ्या घेऊन आला. त्याचा धंदा बाजारात बकऱ्या नेण्याचा. मी चिडून विचारलं, "इंजिनात दोष असला तर बकरी सांगणार आहे का?" तो शांतपणे म्हणाला, "इंजिन तुमी पाहा जी. चढनं-उतरनं तिले समजते." बकऱ्या काही केल्या चढल्या नाहीत आणि त्यानं गाडी नाकारली. खरं तर त्याचं चुकलं नव्हतं. शिडीवरच्या गाडीचा तळ उंच असतो, म्हाताऱ्या माणसांना आणि बायकांना चढताना गुडघा धरावा लागतो. त्यानंतर मी प्रत्येक गिऱ्हाइकाला विचारू लागलो की गाडीत बसणार कोण.

आत्राम गुरुजींना हा प्रश्न विचारावा लागला नाही. त्यांनी आल्या आल्या तेच सांगितलं. झरी जामणी तालुक्यातल्या जंगलातल्या एका गावात ते शाळेवर होते, राहणारेही तिथलेच. एसटीनं दिवसभर प्रवास करून माझ्याकडे आले होते. स्वेटर घातलेला किडकिडीत माणूस. मी दिलेल्या स्टुलावर न बसता पडलेल्या टायरवर बसले.

"भाऊ," ते म्हणाले, "मले अशी गाडी पाह्यजे, जे आमच्या नाल्यातून निंगन, आन् आतमधी झोपलेल्या मानसाले धक्का लागनार नाही."

मी हसलो. म्हटलं, "अशी गाडी मलाही पाहिजे, गुरुजी. निघाली तर दोन घेऊ."

ते हसले नाहीत. त्यांच्या बायकोला, शांताबाईंना, आधी छातीत गाठ झाली होती. ऑपरेशन झालं, सगळ्यांना वाटलं सुटलो. मग पाठ दुखायला लागली. दुखणं मणक्यात उतरलं होतं. नागपूरच्या डॉक्टरांनी महिन्यातून दोनदा आणायला सांगितलं होतं, सलाईनमधून औषध देण्यासाठी. औषधानं बाई काही काळ उठून बसतील, घरातल्या घरात चालतील, असं ते म्हणाले होते. पण मणका ठिसूळ झाला आहे, हिसका बसू देऊ नका, हेही त्यांनीच सांगितलं होतं. गाव ते डांबरी सडकेचा फाटा ही वाट तीन-चार कोसांची, दगडांची, मधे नाला. पहिल्या वेळी बैलगाडीतून नेलं तेव्हा फाट्यापर्यंत पोचेस्तोवर बाई दोनदा बेशुद्ध पडल्या.

"आता ते म्हनते, मले नेऊच नका," गुरुजी म्हणाले. "औषधाले नाही भेत ते. वाटेले भेते."

मी त्यांना खरं ते सांगितलं. नाल्यातून निघणारी गाडी आपटते आणि न आपटणारी गाडी नाल्यात बसते. ट्रकचा सांगाडा म्हणजे ट्रकचेच पाटे. ते भार वाहायला बनवलेले असतात, माणूस झुलवायला नाही. गुरुजींनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "मंग दोन्हीतलं कमी वाईट दाखवा."

वणीला एका बंद पडलेल्या जिनिंगच्या मालकाची गाडी विकायला होती. मी जाऊन खाली शिरलो. गर्डर या टोकापासून त्या टोकापर्यंत खणखणीत वाजला. कुठं वेल्डिंग नाही, झाकणातून धूर नाही, स्टिअरिंगमध्ये ढिलेपणा नाही. मागच्या पाट्यांमध्ये मालकानं सरकीची पोती वाहायला एक जास्तीची पट्टी बसवून घेतली होती, ती मी तिथंच काढायला लावली. इतकी निकोप गाडी माझ्या हाताखालून त्या वर्षात दुसरी गेली नसेल. मी माझी अट सांगितली आणि मालकाचा दिवाणजी कुरकुरत गाडी घेऊन आमच्याबरोबर गुरुजींच्या गावी आला.

आमच्या भागात एकाची गाडी म्हणजे गावाची गाडी. मधली सीट काढून गादी घातली, शांताबाईंना चौघींनी उचलून गादीवर ठेवलं, आणि मी पुढे बसेपर्यंत मागच्या समोरासमोरच्या दोन्ही बाकांवर, पुढच्या सीटवर, पायरीवर, जिथं बूड टेकेल तिथं माणसं चढलेली. एक लेतूबा म्हणून म्हातारे होते, पांढऱ्या मिशांचे, ते मागच्या दारात पाय खाली सोडून बसले. कमला म्हणून एक चांगली अंगानं भरलेली बाई होती, ती शांताबाईंच्या उशाशी. कुणाला उतरा म्हणावं अशी ती वेळच नव्हती. दिवाणजीनं गाडी काढली. नाल्याशी भार झेपेना म्हणून सगळे उतरून चालत पलीकडे गेले, नाल्याच्या मऊ गाळातून गाडी बाईंना घेऊन अलगद चढली, पुन्हा सगळे बसले. फाट्यापर्यंत जाऊन आलो. मी मान वळवून बघत होतो. बाईंचा चेहरा शांत होता.

"मले तं पाळण्यात टाकलं जनू," त्या म्हणाल्या.

गाडीत एकच गलका झाला. कुणी तरी नारळ आणायला धावलं. दिवाणजीचा चेहरा उजळला. मी खाली उतरलो आणि सगळ्यांना म्हटलं, उतरा.

कुणालाच ते आवडलं नाही. कमला म्हणाली, "काहून? आमी का चोरी केली?" मी त्यांना समजावून सांगितलं. पाट्यांवर भार असला की ते दबून राहतात, खड्डा आला की झुलतात. भार नसला की ताठ उभे राहतात आणि प्रत्येक दगड जसाच्या तसा वर पाठवतात. तुम्ही सगळे होतात म्हणून गाडी मऊ चालली. नागपूरला जायच्या दिवशी हिच्यात असणार कोण? गुरुजी, बाई आणि ड्रायव्हर. तेव्हा ती कशी चालते हे आज बघायला हवं. मी म्हटलं, बाईंना आधी उतरवून घेऊ, गादीवर मी झोपतो.

"मले राहू द्या आतमधी," शांताबाई म्हणाल्या. "मले लागते का नाही, हे तुमाले कसं कळन, भाऊ?"

पहिल्या चाकोरीत गाडी खाली गेली आणि मागचा सगळा भाग उचलून आपटला. बाईंनी पदर तोंडात धरला. पुढच्या दगडाला त्यांच्या तोंडातून जो आवाज निघाला तो ऐकून दिवाणजीनं माझ्या आधी ब्रेक दाबला. आम्ही शाळेपासून हाकेच्या अंतरावरही गेलो नव्हतो. गुरुजी आत त्यांचा हात धरून बसले होते.

मी मोहाच्या झाडाखाली बसून डोकं चालवलं. पाट्यांतली अजून एक पट्टी काढता येईल, टायरांतली हवा थोडी कमी करता येईल. त्यानं थोडा फरक पडेल, पण फार मऊ केली तर नाल्यात बूड आपटेल. वाळूची पोती टाकावीत, तर नाल्याशी ती उतरवून पलीकडे न्यायची आणि पुन्हा भरायची कुणी, आणि तेवढा वेळ बाईंनी उन्हात राहायचं कसं. गुरुजी बाहेर आले. म्हणाले, "राहू द्या, भाऊ. तुमी सांगून देल्लं ते बरं केलं."

तेव्हा लेतूबा बोलले. ते गाडीला पाठ टेकून बिडी पेटवत होते.

"मंग आमी बसतो ना."

"आज बसाल," मी म्हटलं. "दर खेपेला कोण बसणार?"

"आमीच. सध्या काम कुठं हाये?"

ते खरं होतं. त्या वर्षी वेचणीची मजुरीही कापसातून निघत नव्हती, म्हणून शेवटचा कापूस लोकांनी झाडावरच सोडला होता. गावाभोवती पांढरी शेतं उभी आणि वेचणारे हात घरी बसलेले. गुरुजींनी नको नको म्हटलं. कमलानं त्यांना बोलूच दिलं नाही. शांताबाई तिथल्या अंगणवाडीच्या बाई होत्या. "माह्ये दोनही लेकरं इनं वजनाच्या काट्याले झोळीत टांगून टांगून वाढोले," ती म्हणाली. "मी इच्यासाठी गाडीत बसू नाही का?"

गुरुजींनी गाडी घेतली आणि असं ते सुरू झालं. भाड्याचे ड्रायव्हर ब्रेक फार दाबतात, म्हणून पहिली खेप मी स्वतः चालवली आणि मग ते काम माझ्याकडेच राहिलं. आदल्या दिवशी मी गावात जायचो. पहाटे लोक आंघोळी करून, भाकरी बांधून शाळेपाशी हजर. नाल्याशी उतरायचे, चालायचे, पुन्हा बसायचे. फाटा आला की सगळे उतरायचे, कारण पुढे सडक बरी होती. आम्ही तिघं नागपूरला जायचो आणि ही सगळी माणसं दिवसभर फाट्यावर थांबायची, संध्याकाळी आम्ही परत येऊ तेव्हा पुन्हा बसण्यासाठी. तिथं एक चहाची टपरी होती, तिच्यात फोन होता. टपरीवाल्याला पहिल्या दिवशी काही समजेना. एवढी माणसं येतात काय, दिवसभर झाडाखाली बसतात काय, आणि त्याच गाडीत बसून परत जातात काय. त्यानं लेतूबांना विचारलं, तुम्ही आहात तरी कोण?

"आमी वजन आहो," लेतूबा म्हणाले.

पुढे तो त्यांना पहिला चहा फुकट पाजू लागला.

औषधानं गुण आला. शांताबाई गाडीत बोलू लागल्या, लोकांना दटावू लागल्या. "कमले, तू पुढे नोको बसू, माह्यापाशी बस. तुह्यानंच गाडी दबते." कमला लटकं रागवायची आणि सगळे हसायचे. एकदा नागपूरहून येताना त्यांनी मला विचारलं, "भाऊ, तुमी खालून पाह्यता म्हन्ते. का दिसते तिथून?"

मी म्हटलं, "मालकानं जे धुतलं नाही ते."

"मंग डाक्टरायनं बी खालूनच पाह्यलं असन मले," त्या म्हणाल्या आणि डोळे मिटून पडून राहिल्या. गुरुजी खिडकीबाहेर बघत होते. थोड्या वेळानं त्याच पुन्हा म्हणाल्या, "मले पुढच्या हंगामात अंगणवाडीत बसाचं हाये. बसूनच करीन. तेवढं झालं म्हन्जे झालं." मला वाटू लागलं की होईल. ज्या गाडीची शिडी सरळ आहे ती दुरुस्त होते, हे माझ्या धंद्यानं माझ्या डोक्यात बसवलं होतं, आणि बाईंच्या मनात मला कुठेच वाक दिसत नव्हता.

पण गावात बसून पोट भरत नव्हतं. पुढचं साल त्याहून वाईट गेलं. आधी दोन तरुण जोडपी आदिलाबादकडे वीटभट्टीवर गेली. मग अजून काही घरं गेली. प्रत्येक खेपेला गाडीत जागा जास्त आणि माणसं कमी. जाणारे गुरुजींच्या घरी येऊन सांगून जायचे, काही तरी चुकतंय असा चेहरा करून. कमला निघाली तेव्हा शांताबाईंच्या पायाशी बसून रडली. शांताबाईच तिला म्हणाल्या, "लेकरायले खाऊ का माती घालशीन? जाय बाप्पा." त्या दिवशी मी तिथं होतो. कमला गेल्यावर बाईंनी बराच वेळ भिंतीकडे तोंड केलं होतं.

मी पाट्यांमधली आणखी एक पट्टी काढली. हवा कमी केली. शेवटी वाळूची पोतीही टाकून पाहिली. नाल्यापुढच्या चढावर एक पोतं घसरलं आणि बाईंच्या पायावर आलं. लेतूबांनी ते ओढून काढलं आणि रागानं बाहेर फेकलं. "पोतं काई धरत नाही," ते म्हणाले. माणूस खड्डा दिसला की एका हातानं बाक धरतो आणि दुसऱ्यानं आजारी माणसाला. मला ते तोवर सुचलंच नव्हतं. इतके महिने मी फक्त पाट्यांवरचा भार मोजत होतो.

शेवटची खेप उन्हाळ्यातली. नाला कोरडा, त्यातले दगड उघडे पडलेले. गाडीत लेतूबा, दोन म्हाताऱ्या, एक ओली बाळंतीण आणि तिच्या मांडीवरचं तान्हं मूल, एवढंच वजन होतं. शांताबाई आता बोलत नव्हत्या. प्रत्येक दगडाला दोघी म्हाताऱ्या त्यांचं डोकं आणि कंबर हातांवर उचलून धरायच्या. फाट्यावर त्या म्हाताऱ्या मनगटं चोळत उतरल्या. नागपूरला डॉक्टरांनी गुरुजींना बाहेर बोलावून नेलं आणि औषध लावलं नाही. बाईंना तिथंच ठेवून घेतलं. दुसऱ्या दिवशी सकाळी त्या गेल्या.

गुरुजींनी दवाखान्याबाहेरच्या फोनवरून फाट्यावरच्या टपरीला कळवलं आणि आम्ही निघालो. त्यांनी पुढे माझ्याशेजारी बसायला नकार दिला, मागे गादीपाशी बसले. मी विचार करत होतो की फाट्यापुढे आता जपून चालवायची काही गरज नाही, लवकर पोचणं बरं, ऊन वाढतंय. हे मी गुरुजींना कसं सांगू ते मला कळत नव्हतं.

फाट्यावर झाडाखाली ते सगळे उभे होते. लेतूबा, त्या दोघी म्हाताऱ्या, ती बाळंतीण आणि गावात उरलेल्या अजून काही जणी. ते आदल्या दिवसापासून घरी गेलेच नव्हते की पुन्हा चालत आले होते, मी विचारलं नाही. मी गाडी थांबवली. एकेक जण मागचं दार धरून चढलं आणि आपापल्या जागी बसलं. म्हातारीनं शांताबाईंचं डोकं मांडीवर घेतलं. लेतूबा शेवटी चढले. मी आरशातून त्यांच्याकडे बघत होतो. त्यांना माझ्या मनातलं कळलं असावं.

"हळू घ्या, भाऊ," ते म्हणाले. "बाईले लागन."

मी हळू घेतली. भार पुरेसा नव्हता, गाडी आपटत होती, आणि प्रत्येक वेळी मागे ते सगळे हात तिच्याखाली जात होते. गुरुजी एकदाच म्हणाले, "लागलं का तिले?" आणि म्हातारी म्हणाली, "नाही लागलं."

नाल्याशी सगळे उतरले आणि नेहमीसारखे चालत पलीकडे गेले. मी गाडी दगडांतून चढवून वर आणली आणि ते बसतील म्हणून थांबलो. ते बसले नाहीत. गावातून कुणी तरी बाज आणून तिथं ठेवली होती. लेतूबांनी मागचं दार उघडलं. "आता आमी नेतो," ते म्हणाले. "तुमी मांगून या." खांदा द्यायला गडी माणसं पुरेशी नव्हती, म्हणून मागच्या दोन पायांना बायका लागल्या. गुरुजी पुढे लागले.

ते चालू लागले आणि मी मागून गाडी घेतली. आत कुणीच नव्हतं. ती गाडी माझ्या हाती आल्यापासून त्या वाटेवर इतकी रिकामी कधी चालली नव्हती. ती प्रत्येक दगडावर उचलून आपटत होती, आणि पुढे त्यांच्या खांद्यावर बाज हलतसुद्धा नव्हती. माझ्या डोळ्यांतलं पाणी थांबेना, समोरचं नीट दिसेना, आणि तरी मी एकेक चाक खड्ड्यातून जपून काढत होतो.